एकोणीस बिल्ले

“ही साहेबाची लेक हाय का गं?”

“न्हाई गं बये. ही साहेबाची जीभ हाय. त्याला आपलं कळंना, आपल्याला त्याचं कळंना. मग आणली भाड्यानं.”

डाकबंगल्याच्या पायऱ्यांखाली, लिंबाच्या सावलीत बसलेल्या बायका खळखळून हसल्या. मी आत खिडकीशी बसले होते. त्यांना वाटलं असेल मला ऐकू येत नाही, किंवा इंग्रजी शिकलेल्या पोरीला असलं मराठी समजत नाही. मी मान वर केली नाही. पेन्सिलीला टोक काढत राहिले. टोक आधीच काढलेलं होतं.

त्या सात बायका आणि त्यांच्या पलीकडे उकिडवे बसलेले बारा पुरुष, असे एकोणीस जण परभणीच्या स्टेशनापलीकडल्या तेलगिरणीचे कामगार होते. होते म्हणजे माघापर्यंत होते. त्यांनी चार दिवस काम बंद ठेवलं, पाचव्या दिवशी फाटकाला कुलूप दिसलं आणि हजेरीपटावरून सगळ्यांची नावं उतरलेली. यंत्रांवर बाहेरगावची माणसं आली. या एकोणीस जणांनी सरकारकडे मावेजा मागितला. नुकसानभरपाईला आमच्याकडे अजून मावेजाच म्हणत. गिरणीचं म्हणणं एका ओळीचं होतं: आम्ही कोणाला काढलं नाही, ही माणसं आपणहून काम सोडून गेली. आपणहून गेलेल्याला मावेजा नसतो. तेव्हा साहेबांना एवढंच ठरवायचं होतं की या लोकांना काढलं, की हे गेले.

आमचा जिल्हा नुकताच हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला होता. कचेऱ्यांत दप्तरं उर्दूत, नवे हुकूम इंग्रजीत आणि माणसं मराठीत, असा तो काळ. चौकशीला आलेले कामगार अधिकारी मूळचे मद्रासकडचे. त्यांना इंग्रजीशिवाय आमच्यापैकी कोणाशीच बोलता येत नव्हतं. वडील पूर्वी निजामाच्या कचेरीत पेशकार होते, त्यामुळे तिथला कारकून आमच्याच दारी आला. “मुलगी सिकंदराबादेच्या कॉन्व्हेंटात होती ना? दोन दिवसांचंच काम आहे.” मी आतल्या दाराआड उभी होते. मला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि विचारलं असतं तर मी बहुधा नाहीच म्हटलं असतं. चार माणसांत मला पाणी मागायलाही जड जाई.

निघताना वडील म्हणाले, “बोलतील तेवढंच सांगायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. दुभाष्याला मत नसतं.”

ते मला सोयीचंच वाटलं होतं. बोलायचं, पण आपलं नाही. माझ्यासारखीला याहून सुरक्षित काम कोणतं?

संपाची हकीकत पहिल्या तासाभरातच माझ्या तोंडून इंग्रजीत झाली. शेंगदाण्याच्या मोसमात गिरणी भोंग्यावर चाले. सकाळचा भोंगा मिनिटाला चुकत नसे. सुटीचा मात्र आधी अर्धा तास, मग तास, मग दीड तास उशिरा वाजू लागला. त्या जास्तीच्या वेळाचं काही मिळत नसे, कारण भोंगा वाजेपर्यंतचा दिवस एकच धरायचा असा गिरणीचा हिशेब. कामगारांचं मागणं असं की संध्याकाळचा भोंगा सकाळच्यासारखाच वेळेवर वाजवा. यापलीकडे काही नाही. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा साहेबांनी मला परत विचारलं, आणखी काही मागणी? मी बाहेर विचारलं. आणखी काही नव्हतं.

संपाच्या आदल्या संध्याकाळी या लोकांनी बॉयलरची आग विझवली, यंत्रांत अडकलेली पेंड खरवडून काढली, फरशी झाडली आणि जाताना आपापला बिल्ला फाटकातल्या फळीच्या खिळ्याला अडकवून गेले.

बिल्ला म्हणजे रुपयाएवढं पितळी गोल, त्यावर गिरणीचा छाप आणि नंबर. कामाला लागताना मिळे, रोज फाटकात दाखवावा लागे, काम सोडताना जमा करावा लागे. गिरणीचे मालक शेठ, त्यांच्या वकिलांनी नेमकी ती फळी धरली. बिल्ला जमा केला म्हणजे नोकरी सोडली, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं. ते थेट इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे मला फक्त ऐकायचं होतं. माणसं दुसऱ्याच्या मालकीची वस्तू स्वच्छ करून, जागच्या जागी ठेवून जातात, आणि तोच त्यांचा गुन्हा ठरतो! त्यांनी यंत्रात वाळू टाकली असती, बिल्ले विहिरीत फेकले असते, तर कदाचित त्यांची बाजू बळकट झाली असती.

पहिली साक्ष एका बाईची झाली. ती पेडगावची. घरचा मेंढरांचा धंदा. नवरा आणि दीर मेंढरं घेऊन आठ आठ महिने बाहेर, आणि ही मोसमात गिरणीमागच्या झोपडीत राहून शेंगा पाखडायची. मघाशी मला साहेबाची जीभ म्हणाली ती हीच, हे आवाजावरून कळलं. आत आल्यावर तिने खुर्चीकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली. साहेबांनी खुर्चीवर बसायला सांगितलं. मी तिला सांगितलं.

“नगं ताई. खुर्चीत बसून खरं बोलाया येत न्हाई मला.”

मी तेही भाषांतर केलं. साहेब हसले. वकील हसले नाहीत.

“तुम्ही बिल्ला फळीवर का अडकवलात?” मी साहेबांचा प्रश्न विचारला.

“मग कुठं न्यावा? काम बंद करायलो म्हनल्यावर गिरणीची वस्तू आपल्या घरात कशी ठिवावी? दुसऱ्या दिशी म्हनले असते, पितळ चोरलं.”

“म्हणजे नोकरी सोडायची म्हणून जमा केलात,” वकील मराठीत म्हणाले.

“वकीलसाहेब, तुमी जेवाया बसताना चपला भाईर काढता न्हवं?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“काढता का न्हाई, सांगा की.”

“काढतो.”

“मग त्या सोडल्या का? जेवून उठल्यावर अनवानी जाता घरी?”

बाहेर पुरुषसुद्धा हसले. मी हे सगळं, चपलांसकट, जमेल तेवढ्या चांगल्या इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. कागद माझ्यासमोरच होता. त्यावर उतरलं ते एवढंच: साक्षीदार कबूल करते की तिने बिल्ला फाटकावर ठेवला. चपला गेल्या, चोरीची भीती गेली, मेंढरांमागे गेलेला नवरा गेला. राहिली ती कबुली. त्या बाईने अंगठा उठवला, पदराला पुसला आणि मला म्हणाली, “समदं लिवलं ना त्यांनी?”

मी “हो” म्हटलं. ते खोटं होतं. त्या खोट्याचा राग मला आजही येतो, आणि तो साहेबांपेक्षा माझाच जास्त येतो.

मग बॉयलरवरचे चाचा आले. पांढरी दाढी, डाव्या हाताच्या पाठीवर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग. सगळे कामगार त्यांना चाचाच म्हणत. त्यांनी साहेबांना सलाम केला आणि बोलताना मात्र माझ्याकडे पाहून बोलले.

“बेटी, साब कू बोलो, आग मैं अपने हात से बुझाया. अठरा साल से जलाया, तो बुझाना भी मेराच काम. और बिल्ले का तो दस्तूर है. मशीन बंद, तो बिल्ला फळी पे.”

“कसला दस्तूर?” वकिलांनी विचारलं.

“खंडेनवमी का. उस दिन मशीनां कू सुट्टी रहती. सब के बिल्ले जमा होते, थाली में रखते, शेठसाब पूजा करते. दसरा हुआ के दूसरे दिन अपना अपना बिल्ला वापस.”

“म्हणजे बिल्ल्यांनाही सुट्टी देता काय तुम्ही?”

“हौ वकीलसाब. आप के कोट कू भी तो इतवार की सुट्टी रहती.”

मी भाषांतराला तोंड उघडलं आणि क्षणभर शब्दच आला नाही. कारण ते ताट मला दिसत होतं. शाळेच्या सुट्टीत मी घरी येई तेव्हा दसरा इथेच होई, आणि शेठ वडिलांचे जुने स्नेही असल्यामुळे खंडेनवमीला आम्हा सगळ्यांना गिरणीत बोलावणं असे. आम्ही पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसत असू. यंत्रांना झेंडूच्या माळा, जमिनीवर तेलाच्या जुन्या डागांवरून काढलेली रांगोळी, आणि बॉयलरपुढे मोठ्या पितळी ताटात ते बिल्ले. शेठ अनामिकेने प्रत्येकावर हळद आणि कुंकू टेकवत. मी एकटीच नव्हे, आमचं अख्खं घर त्याला साक्षी होतं.

भाषांतर केलं. साहेबांनी विचारलं, कामगारांशिवाय हे आणखी कोणी पाहिलं आहे का? स्वतःचा फायदा असलेल्या माणसांच्या शब्दावर मला दस्तूर मानता येणार नाही. मी चाचांना तसंच विचारलं. “कामगार सोडून कोणी पाहिलंय का?” माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मग त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली.

“मेहमान लोग थे साब. मेहमानों कू काय कू तकलीफ देना.”

मी तेही इंग्रजीत सांगितलं. पाहुणे होते, पाहुण्यांना त्रास कशाला. साहेबांनी खांदे उडवले आणि पान उलटलं.

दुपारी शेठच्या घरून साहेबांसाठी डबा आला, माझ्यासाठीही आला. कामगार सकाळपासून बाहेरच होते. माठ व्हरांड्यात होता, पण चपराशी त्यांना वर चढू देत नव्हता. तो पेल्याने वरून पाणी ओतायचा आणि ते ओंजळीने प्यायचे. शेठ स्वतः माझ्याजवळ आले. घरातल्या सगळ्यांसारखे तेही मला बेबी म्हणत.

“बेबी, जेवलीस का नाही? चेहरा बघ किती उतरलाय. फार छान सांगतेस हं. साहेब खूश आहेत.” मग आवाज खाली आणून, “ती पेडगावची बाई जरा बडबडी आहे. सगळंच्या सगळं सांगत बसायची गरज नाही. मुद्द्याचं तेवढं सांगत जा, म्हणजे तुलाही त्रास नाही.”

त्यांच्या स्वरात धमकी नव्हती. असती तर बरं झालं असतं. ज्या मायेने ते मला दिवाळीला फराळ देत त्याच मायेने त्यांनी मला त्या बाईची जीभ कापायला सांगितलं. मी डबा उघडला नाही. पण “भूक नाही,” एवढंच म्हणाले, आणि तेही पुटपुटले.

संध्याकाळी घरी वडील अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, “बाबा, खंडेनवमीला ते बिल्ले ताटात ठेवायचे, आठवतं ना?”

त्यांनी चष्मा काढला. “का?”

“शेठ उद्या साक्ष देणार आहेत.”

“मग ते सांगतील की.”

“आणि नाही सांगितलं तर?”

वडील चष्मा धोतराने पुसू लागले. “आपण तिथं पाहुणे म्हणून गेलो होतो. ज्याच्या घरी पान वाढलं जातं त्याच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. शिवाय तू दुभाषी आहेस, साक्षीदार नाहीस.”

सकाळी चाचांनीही तोच शब्द वापरला होता, पाहुणे. चाचांनी तो मला वाचवायला वापरला, वडिलांनी शेठना. वडील वाईट नव्हते. कचेरीत तीस वर्षं एकही पैसा न खाल्लेला माणूस. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा त्यांची चीड आली. ज्याला खाटेवर बसून गप्प राहता येतं, त्याच्या गप्प राहण्याची किंमत दुसराच कोणीतरी उन्हात उकिडवं बसून देत असतो. ज्या सभ्यतेत मी वाढले होते तिचा हा नियम मला कोणी शिकवला नव्हता, पण मी तो पाळत आले होते.

दुसऱ्या दिवशी शेठ साक्षीला बसले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्यांचंही बोलणं माझ्यातूनच जाणार होतं. खुर्चीत ते ऐसपैस बसले. भोंग्याबद्दल म्हणाले, घड्याळ मागे पडत असे. गर्दीच्या मोसमात घड्याळ दुरुस्तीला कोण नेणार? बाहेर कोणीतरी म्हणालं, “सकाळचं न्हाई पडत मागं, दुपारूनच बिघडतंय का ते?” चपराश्याने दटावलं. हे बाहेरचं बोलणं भाषांतराचं की नाही, मला ठरवता आलं नाही. मी ते सोडून दिलं.

मग साहेबांनी दस्तुराचं विचारलं. मी शेठना विचारलं. मला खरंच वाटत होतं की ते हो म्हणतील. फार तर म्हणतील, ती पूजा वेगळी आणि संप वेगळा. तसं म्हणाले असते तर त्यात निदान माणुसकी उरली असती.

शेठ माझ्या डोळ्यांत पाहून बोलले. “खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. नारळ, फुलं, हळदकुंकू. बिल्ल्याचा त्यात काही संबंध नाही. बिल्ला फळीवर गेला की माणूस गेला. वडिलांपासून हाच नियम आहे.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही. सिस्टरांनी छडी हातात घेऊन बसवलेले माझे उच्चार, माझं व्याकरण, सगळं त्या वाक्यांच्या सेवेला हजर झालं. चाचांचं खरं बोलणं सांगताना मी अडखळले होते. शेठचं खोटं माझ्या तोंडून इतकं सफाईदार निघालं की साहेबांना एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही. त्यांची लेखणी न थांबता चालली. मला वाटलं, मी इतकी वर्षं घरापासून दूर राहून, थंड पाण्याने अंघोळी करून, रडून, हे शिकले ते यासाठी?

साहेबांनी लेखणीचं टोपण लावलं आणि बाहेरच्यांना विचारायला सांगितलं, आणखी कोणाला काही सांगायचं आहे का. मी दारात जाऊन विचारलं. पेडगावची बाई अर्धवट उठली, तिने चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. ती खाली बसली. कोणाकडेच नवं काही नव्हतं. जे खरं होतं ते त्यांनी कालच सांगून टाकलं होतं, आणि ते पुरलं नव्हतं.

शेठ उठून उपरणं नीट करत होते. वकील कागद बांधत होते. साहेबांनी फाईल मिटली आणि माझे आभार मानले. मी जागेवर जाऊन बसायला हवं होतं. मी दारातच उभी राहिले. चौकट घट्ट धरली. साहेबांना वाटलं मला भोवळ येते आहे, त्यांनी चपराश्याला पाणी आणायला सांगितलं.

पाणी येण्याआधी मी बोलले. आधी इंग्रजीत, साहेबांकडे पाहून. काय बोलले ते नीट आठवत नाही, वाक्यं मोडत होती. शेठ जागच्या जागी थबकले ते आठवतं, आणि साहेबांनी फाईल पुन्हा उघडली ते आठवतं. मग मी दाराबाहेर वळले. तेच मराठीत सांगितल्याशिवाय मला आत जायचं नव्हतं. आवाज चिरकला, पण लिंबापर्यंत गेला.

“मघाशी मी सांगितलं ते शेठजींचं होतं. आता सांगतेय ते माझं आहे. खंडेनवमीला सगळ्यांचे बिल्ले ताटात ठेवतात. मी ते तीन वर्षं पाहिलंय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः नंबर वाचून ते परत देत होते, आणि बत्ताशांचं ताट धरून मी त्यांच्या शेजारी उभी होते. कोणाची नोकरी गेली नव्हती. हे मी कालच सांगायला हवं होतं. साहेबांना मी म्हटलंय, माझी साक्ष घ्या, आणि खाली माझं नाव लिहा.”